बंब, बॉयलर आणि बोअरचे पाणी

दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत माझ्या सकाळच्या कॉफीला आंबट आणि पातळ चव येऊ लागली, आणि जवळजवळ महिनाभर मी त्याचा दोष कॉफीच्या बियांना देत राहिले. बिया नेहमीच्या चिकमगळूरच्याच होत्या, भाजणीही नेहमीचीच होती. तरी मी त्या बदलल्या, दळण आणखी बारीक केले, काट्यावर वजन पुन्हा पुन्हा ताडून पाहिले. १८ ग्रॅम पूड आणि २५ ते ३० सेकंदांत ३६ ग्रॅम कॉफी हे गणित बरोबर जुळत होते, आणि जिभेला मात्र काहीतरी बिघडल्याचे स्पष्ट कळत होते. पाण्याचा विचार माझ्या मनात आलाच नाही. कॉफीच्या पेल्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असते, हे ठाऊक असूनही आला नाही.

एस्प्रेसोचे यंत्र जुनेच होते. इटालियन बनावटीचे, एकाच बॉयलरचे, म्हणजे पाणी तापवणारे एकच भांडे असलेले, ओट्याच्या कोपऱ्यात मावेल एवढे. आधीच्या घरात ते तीन वर्षे बिनतक्रार चालले होते. बदलले होते ते घर. पुण्याच्या पेठेतून आम्ही शहराबाहेरच्या नव्या सोसायटीत राहायला आलो होतो. पेठेत खडकवासल्याचे पाणी यायचे. घाटमाथ्यावर पडलेला पाऊस टेमघर, वरसगाव आणि पानशेत या धरणांत साठतो, तिथून खडकवासल्याला आणि पुढे नळाला येतो; खडकात मुरून राहायला त्याला फारसा वेळच मिळत नाही, म्हणून ते पाणी मऊ असते. नव्या सोसायटीत बोअरचे पाणी होते आणि होळीनंतर टँकरचे, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी बोअरचे. नळांच्या तोंडाशी पांढरे कडे जमत होते, बादलीच्या आत पाण्याची रेघ उमटून राहत होती, साबणाला फेस येत नव्हता. ही सगळी लक्षणे मी रोज पुसून काढत होते. जे नळाच्या तोंडाशी दिसते तेच यंत्राच्या पोटात, तेही तापलेल्या धातूवर, कितीतरी वेगाने घडत असणार, हा धागा मला जोडता आला नाही.

महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसॉल्टच्या काळ्या कातळावर वसलेला आहे आणि त्यावरच्या मातीत ठिकठिकाणी चुनखडीचे खडे सापडतात. पावसाचे पाणी मातीतून मुरताना तिथला कार्बन डायऑक्साइड सोबत घेते आणि किंचित आम्लधर्मी होते. हे पाणी खडकाच्या फटींतून महिनोन्महिने झिरपताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवून घेते. विरघळलेला हा क्षार बायकार्बोनेटच्या रूपात असतो आणि थंड पाण्यात तो अजिबात दिसत नाही. पाणी तापले की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, बायकार्बोनेटचे कार्बोनेट होते, आणि ते पाण्यात राहू शकत नसल्याने जिथे उष्णता सर्वांत जास्त तिथेच चिकटून बसते. साखर गरम पाण्यात लवकर विरघळते, मीठही थोडेफार तसेच वागते. कॅल्शियम कार्बोनेटचे मात्र उलटे आहे, पाणी जितके गरम तितके ते कमी विरघळते. म्हणून गीझरची कॉइल, इस्त्रीच्या वाफेची भोके आणि एस्प्रेसो यंत्राचा बॉयलर या तिन्ही जागा त्याच्या विशेष आवडीच्या आहेत.

चाचणीची पट्टी आणून पाहिले तेव्हा आमच्या पाण्याचा जडपणा, म्हणजे त्यात विरघळलेल्या या क्षारांचे प्रमाण, लिटरला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास निघाला. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, २०० पर्यंत पाणी चांगले आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेण्याजोगे मानले आहे. म्हणजे माणसांसाठी आमचे पाणी वाईट नव्हते. माझ्या यंत्राच्या बॉयलरमध्ये मात्र एका वेळी जेमतेम १०० मिलिलिटर पाणी मावते. कॉफी, कप गरम करणे, जाळी धुणे असे सगळे धरून दिवसाला अर्धा लिटर पाणी त्यातून जाते. सगळा जडपणा तिथेच बसला असता तर वर्षाला साठ ग्रॅमांच्या वर क्षार जमला असता. तसे होत नाही, बराचसा क्षार पाण्याबरोबर कपात निघून जातो. पण त्याचा दहावा हिस्सा जरी मागे राहिला तरी सहा ग्रॅम होतो, आणि चहाच्या पेल्याहून थोड्याच मोठ्या भांड्याच्या आतल्या बाजूला सहा ग्रॅम दगडाचा लेप म्हणजे काय, हे मी नंतर डोळ्यांनी पाहिले.

आंबटपणाचे कारणही त्या लेपातच होते. या यंत्रात तापमान राखणारा थर्मोस्टॅट बॉयलरच्या बाहेरच्या अंगाला बसवलेला असतो. त्याला पाणी कळत नाही, धातू कळतो. धातू आणि पाणी यांच्यामध्ये क्षाराचा थर आला की उष्णता त्यातून हळू जाते, कारण ॲल्युमिनियमच्या मानाने हा थर उष्णतेचा फारच वाईट वाहक आहे. धातू लवकर तापतो, थर्मोस्टॅट समाधानाने वीज तोडतो, हिरवा दिवा लागतो, आणि आतले पाणी अजून पुरेसे गरम झालेलेच नसते. एस्प्रेसोला साधारण ९० ते ९६ अंश सेल्सिअसचे पाणी लागते. त्याहून थंड पाणी कॉफीतला आंबटपणा आधी ओढून घेते. गोडवा आणि कडवटपणा यायला जी उष्णता लागते ती मिळतच नाही. दिवा खरे सांगत नव्हता, आणि मी दिव्यावर विश्वास ठेवून बियांना नावे ठेवत होते.

कारण लक्षात आल्यावर मी घाई केली आणि त्या घाईचे मला अजूनही वाईट वाटते. किराणा दुकानातून सायट्रिक ॲसिड, म्हणजे आपण ज्याला लिंबूसत्त्व म्हणतो ते, आणले. लिटरला दोन चमचे पुरले असते तिथे पाच-सहा घातले. द्रावण बॉयलरमध्ये भरले, आणि जितके जास्त राहील तितके चांगले असे समजून रात्रभर तसेच ठेवले. सकाळी पंप सुरू केला तेव्हा त्याचा आवाज बदललेला होता. एरवी तो घुमल्यासारखा वाजतो. त्या दिवशी तो घशात काही अडकल्यासारखा घरघरत होता, आणि खाली पाण्याचा एक थेंबही येत नव्हता.

आमच्या भागात गीझर, इस्त्री आणि मिक्सर दुरुस्त करणारे एक मिस्त्री आहेत. एस्प्रेसोचे यंत्र त्यांनी त्याआधी कधी उघडले नव्हते, तसे त्यांनी आधीच सांगितले. पण वरचे झाकण काढून बॉयलर दिसताच ते म्हणाले, "ताई, हा तर छोटा गीझरच आहे. पाणी कुठलं वापरता?" मी टँकरचे म्हटल्यावर त्यांनी पुढे काही विचारले नाही. चार स्क्रू काढून बॉयलरचे दोन भाग वेगळे केले आणि वर्तमानपत्रावर पालथे ठेवून हलकेच ठोकले. अंड्याच्या कवचासारखे पांढरे, किंचित पिवळसर पापुद्रे कागदावर पडले. एक पापुद्रा मी तळहातावर घेतला. धातूला चिकटलेली बाजू गुळगुळीत होती आणि पाण्याकडची बाजू ज्वारीच्या भाकरीसारखी खरखरीत. आडवा धरून पाहिला तर त्यात बारीक बारीक थर दिसत होते, एकावर एक चढलेले. मिस्त्रींनी चहाबरोबर आलेल्या लिंबाच्या फोडीचा एक थेंब त्यावर पिळला. थेंबाच्या कडेने बुडबुडे उठले, फसफस ऐकू येईल इतके जवळ आम्ही दोघेही वाकलो होतो, आणि तो पाण्यातून उडून न गेलेला वायू आता आमच्या डोळ्यांदेखत मोकळा होत होता.

पाणी अडले होते ते व्हॉल्व्हमध्ये. कॉफी झाल्यावर पुडीवरचा दाब मागच्या मागे सोडून देणारा तीन तोंडांचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेने उघडझाप होणारी झडप, या यंत्रात असतो, आणि त्याचे छिद्र मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे असते. रात्रभराच्या आम्लाने थर पूर्ण विरघळला नव्हता, सुटा झाला होता, आणि तांदळाच्या कणीएवढा एक तुकडा नेमका त्या छिद्रात जाऊन बसला होता. मिस्त्रींनी तो टाचणीने काढला. बॉयलरच्या आतल्या ॲल्युमिनियमवर मात्र काळपट, खरखरीत चट्टे उमटले होते. तो आम्लाने खाल्लेला धातू होता आणि तो भरून येणार नव्हता.

त्या संध्याकाळी मला आमच्या बार्शीच्या घरातला बंब आठवला. पुण्याच्या तांबट आळीतून आणलेला तो तांब्याचा बंब परसदारी असे. मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी, खाली तोटी. आमच्या विहिरीचे पाणी इतके जड की त्यात तूरडाळ शिजायची नाही, आई आणि काकू चिमूटभर सोडा टाकत. दिवाळीच्या आधी बंब रिकामा होई. बाहेरून चिंच आणि मीठ लावून तो लखलखीत करणे हे आम्हा मुलांचे काम. आतले काम आजी कोणाला देत नसे. ती चिंचेचा पातळ कोळ कोमट पाण्यात कालवून आत ओते, थोडा वेळ ठेवून लाकडी उलथन्याने नळीच्या अंगाची खपली खरवडे, पाणी सोडून देई आणि पुन्हा कोळ ओते. तीनदा, चारदा. एकदाच भरपूर चिंच घालून रात्रभर का ठेवत नाहीस, असे मी विचारल्याचे मला आठवते. "तांबं खाईल ती," एवढेच ती म्हणाली होती. चाळीस वर्षांनंतर, रसायनशास्त्र शिकूनही, मी नेमके तेच केले होते.

आता मी क्षार काढते तो आजीच्या पद्धतीने. एक लिटर पाण्यात २० ग्रॅम सायट्रिक ॲसिड पूर्ण विरघळवून घेते आणि ते टाकीत भरते. यंत्र मिनिटभरच सुरू ठेवते, म्हणजे पाणी कोमट होते, आणि बंद करते. उकळते द्रावण कधीही वापरू नये, कारण सायट्रिक ॲसिड आणि क्षार यांच्यापासून होणारे कॅल्शियम सायट्रेट गरम पाण्यात आणखी कमी विरघळते, आणि थर जाड असेल तर एक पांढरा साका जाऊन दुसरा त्याच्या जागी येतो. कपभर द्रावण खालून काढायचे, थोडे वाफेच्या नळीतून, मग पंधरा मिनिटे थांबायचे; असे तीन-चार वेळा. सगळे मिळून तासाच्या आत संपवायचे. त्यानंतर साध्या पाण्याच्या तीन टाक्या वाहू द्यायच्या आणि शेवटचे पाणी जिभेवर घेऊन पाहायचे. आंबट लागले तर चौथी टाकी. व्हिनेगर मी वापरत नाही. त्याचा वास रबरात आठवडाभर राहतो आणि कॉफीला लोणच्याच्या बरणीची आठवण येते. पितळी किंवा तांब्याचा बॉयलर असलेल्यांनी बाहेर येणाऱ्या द्रावणाचा रंग पाहावा. त्यावर निळी झाक आली की क्षार संपून तांबे विरघळू लागले असे समजून लगेच थांबावे. दोन बॉयलरची मोठी यंत्रे घरी अशी धुऊ नयेत, असे माझे ठाम मत आहे, कारण त्यांच्या आतल्या नळ्या अरुंद असतात आणि माझ्या व्हॉल्व्हमध्ये अडकला तसा तुकडा तिथे अडकला तर टाचणी पोहोचत नाही.

कॉफीचे तेल ही निराळीच गोष्ट आहे आणि लोक या दोन्हींची गल्लत करतात, मीही करत असे. क्षार हा दगड आहे, तो आम्लाने जातो. तेलाला आम्ल काही करत नाही. त्याला अल्क, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ, लागतो. दर वेळी कॉफी गाळताना थोडे तेल वरच्या जाळीला, तिच्या मागच्या पितळी चकतीला आणि व्हॉल्व्हच्या वाटेला चिकटते, तापत राहते आणि खवट होते. दिवाळीनंतर कोपऱ्यात राहिलेल्या शेवेच्या डब्याला जो वास येतो तोच वास जाळी काढून नाकाशी धरली की येतो. यासाठी पोर्टाफिल्टरमध्ये, म्हणजे पूड भरून यंत्राला अडकवायच्या हँडलमध्ये, बिनछिद्राची चाळणी बसवायची, तिच्यात सोडियम परकार्बोनेटची अर्धा चमचा पावडर टाकायची आणि पंप दहा सेकंद चालवून बंद करायचा. पाण्याला खाली वाट नसल्याने दाब वाढतो आणि बंद करताच सगळे पाणी व्हॉल्व्हमधून मागे उसळून ट्रेमध्ये पडते. पहिल्या दोन-तीन वेळा ते पाणी गुळाच्या काकवीसारखे तपकिरी निघते. पाच वेळा असे करून, मग दहा वेळा नुसत्या पाण्याने. ज्या यंत्रात असा व्हॉल्व्ह नाही त्यात हे करू नये, कारण दाबाला बाहेर पडायला वाटच नसते. साध्या पाण्याने हे रोज रात्री करावे, पावडरने पंधरा दिवसांतून एकदा.

दाबाविषयी थोडे लिहिले पाहिजे, कारण ही सगळी काळजी त्याच्याचमुळे घ्यावी लागते. तुरीनच्या अँजेलो मोरिओंदोने १८८४ मध्ये आणि मिलानच्या लुइजी बेझेरा याने १९०१ मध्ये पेटंट घेतले ती यंत्रे वाफेच्या दाबावर चालत, आणि वाफेचा दाब फार वाढवता येत नाही. आपल्याकडे लग्नात 'एस्प्रेसो' म्हणून जी फेसाळ दुधाची कॉफी मिळते तिचे यंत्रही दुधात वाफ सोडणारेच असते. अकिले गाज्जिया याने १९४० च्या दशकात दांड्याने दाब देणारे यंत्र आणले तेव्हा कुठे आज आपण ओळखतो ती, वर दाट सोनेरी फेस असलेली एस्प्रेसो तयार झाली. नऊ बार, म्हणजे हवेच्या नऊ पट दाबाने पाणी पुडीतून ढकलायचे तर प्रत्येक छिद्र मोकळे हवे आणि प्रत्येक सांधा घट्ट हवा.

क्षार काढण्यापेक्षा तो आत जाऊच न देणे बरे, हे पटल्यावर मी आरओच्या पाण्याकडे वळले, आणि तिथेही थोडी ठेच लागली. आमच्या आरओचे पाणी इतके शुद्ध निघते की त्यात जवळजवळ काहीच उरत नाही. अशा पाण्यात कॉफी सपक होते, आणि ते आम्लतेला आवर घालू शकत नसल्याने धातूलाही हळूहळू कुरतडते. पाण्यात कॅल्शियम नको, पण बायकार्बोनेट थोडे हवे. त्याचा उपाय डाळीच्या डब्याशेजारीच होता. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. आठ ग्रॅम सोडा एक लिटर आरओच्या पाण्यात विरघळवून मी बाटली भरून ठेवते आणि यंत्राच्या टाकीतल्या प्रत्येक लिटरमागे त्यातले १० मिलिलिटर घालते. म्हणजे लिटरला ८० मिलिग्रॅम सोडा होतो, चवीला कळत नाही आणि धातूला पुरतो. क्षार जमण्यासाठी जे कॅल्शियम लागते ते या पाण्यात जवळजवळ नसतेच. आरओ जे पाणी टाकून देतो ते बादलीत धरून फरशीला वापरते. एवढे पाणी गटारात सोडणे टँकरवर जगणाऱ्या सोसायटीत मला सहन होत नाही.

बाकीची निगा थोडक्यात सांगण्याजोगी आहे. दूध फेसाळले की वाफेची नळी त्याच क्षणी ओल्या फडक्याने पुसायची आणि वाफेचा एक झोत मोकळा सोडायचा. पाच मिनिटे उशीर झाला तर साय वाळून तिचे कवच होते आणि नळीच्या भोकात आत ओढले गेलेले दूध नासते. ग्रुप हेडमधली, म्हणजे हँडल जिथे अडकते त्या तोंडातली, रबराची रिंग प्रेशर कुकरच्या रिंगसारखीच आहे, उष्णतेने कडक होते आणि वर्षाकाठी बदलावी लागते. ती कडक झाल्याची खूण अशी, की हँडल घट्ट बसण्यासाठी दिवसेंदिवस अधिक उजवीकडे रेटावे लागते आणि तरीही कडेने थेंब गळतात.

गेल्या महिन्यात आठ महिन्यांनी मी बॉयलर स्वतः उघडला. चार स्क्रू, तेच वर्तमानपत्र. मागच्या वेळचे काळपट चट्टे जसेच्या तसे होते, त्यांच्यावर बोट फिरवले तर अजून खरखरीत लागत होते. त्यांच्या आजूबाजूला मात्र धातूचा करडा रंग स्वच्छ दिसत होता. एका कडेला भुकटीसारखी पांढरट झाक होती, ती ओल्या कापडाने निघाली. लिंबूसत्त्वाचा डबा मी पुन्हा मांडणीवर ठेवून दिला. सांध्याची रिंग आणि ग्रुप हेडची रिंग दोन्ही नव्या घातल्या, स्क्रू तिरक्या जोड्यांनी थोडे थोडे आवळले, टाकीत पाणी आणि बाटलीतले दहा मिलिलिटर ओतले. पंप घुमला. हँडल आता पुन्हा मधोमध येण्याच्या जरा आधीच घट्ट बसते.